उदयचे शेवटचे दोन पत्ते

जेवण आटोपतं, भांडी घासून पालथी होतात, आणि वैजयंती किल्लेकर घटकाभर पाठ टेकायला म्हणून आतल्या खोलीत जाते. ऊन कललं की गोव्याला जायची भाड्याची गाडी दाराशी येणार आहे. झोपायचं नाही, नुसतं पडायचं, असं ती स्वतःला बजावते. बेळगावात शहापूरच्या त्या गल्लीत या वेळी सगळं निपचित असतं. मागच्या आळीतले यंत्रमाग तेवढे खटाखट चालू असतात.

पलंगाजवळच्या कपाटात तिची पिशवी भरून ठेवलेली आहे. पिशवीत एक साडी, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि काल बँकेत जाऊन मोडून आणलेली ठेव. मुलीसाठी म्हणून ठेवलेली ती शेवटचीच. मुलगी मैथिली, धारवाडला शिकते. ठेव मोडल्याचं तिला ठाऊक नाही.

वैजयंती एका कुशीवर वळते. माग खटखटत राहतात. मग ती खटखट जरा खोल जाते, ओली होते, आणि पलंगाखाली पाणी वाजायला लागतं.

ती होडीत बसलेली आहे. पणजीच्या धक्क्यावरून नदीतल्या जुगाराच्या मोठ्या जहाजापर्यंत माणसं नेतात ती छोटी होडी. गेल्या दीडेक वर्षात ती हिच्यातून कितीदा तरी गेलेली आहे, त्यामुळे तिला काही वेगळं वाटत नाही. फक्त होडीतले बाक तिच्या शिकवणीच्या वर्गातले आहेत. दहावीची मुलं ज्यांच्यावर कंपासच्या टोकानं नावं कोरतात, तेच. अंगावर घरातलं पातळ, पाय अनवाणी. होडी चालवणाऱ्याची नुसती पाठ दिसते.

"बाई, आज बीजगणित की भूमिती?" तो मागे न बघता विचारतो.

"आज तास नाही."

"मग उतरा."

ती उतरते ती थेट दालनातच. खाली लाल गालिचा आहे आणि तो पायाला ओला लागतो. सगळी टेबलं चादरींनी झाकलेली. एकाच टेबलावर दिवा आहे, आणि त्या दिव्याखाली, तिच्याकडे पाठ करून, उदय बसलाय.

हा उदय कोण, ते आधी सांगायला हवं. उदय तिचा नवरा. उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, त्याचं लेथ मशीनचं लहानसं वर्कशॉप होतं. हाताचा सढळ, बोलायला गोड, गल्लीतल्या कोणाचंही अडलंनडलं बघणारा. मित्रांबरोबर एकदा गोव्याच्या जहाजावर गेला आणि तिथल्या पोकरच्या टेबलावर रमला. खेळ म्हटलं तर सोपा. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे, मध्यावर सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडे, आणि त्यांच्यावर बोली. समोरच्याची बोली पुरी केली तर डावात राहायचं, नाही तर आपले दोन पत्ते न दाखवता टाकून मोकळं व्हायचं. पण रोकडीच्या टेबलाला शेवट नसतो. कोणी शिट्टी वाजवत नाही. हातातलं संपलं तर आणखी चिप्स, पैशांऐवजी लावायच्या चकत्या, विकत घेता येतात. कधी उठायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि उदयला नेमकं तेवढं कधी जमलं नाही.

घरी आला की तो स्वयंपाकघरात फरशीवर पत्ते मांडायचा आणि झालेला डाव वैजयंतीला पुन्हा खेळून दाखवायचा. ती गणिताच्या शिकवण्या घेणारी. थोड्याच दिवसांत तिला त्यातलं त्याच्यापेक्षा जास्त कळायला लागलं. "इथं टाकायचे होतेत पत्ते," कणीक मळता मळता ती म्हणायची. "कळतंय गं," तो म्हणायचा, "पर त्याच्याकडं काय हाय ते बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाई की." त्या बघण्यापायी वर्कशॉपमधलं एक मशीन गेलं, मग दुसरं गेलं.

आणि एक दिवस तो त्या टेबलावरच गेला. पत्ते वाटून झाले होते, बोली चढली होती, समोरच्यानं सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या होत्या. उदय विचार करत बसलाय असंच सगळ्यांना वाटलं. तो खुर्चीत एका अंगाला कलला तेव्हा कळलं. वैजयंती पणजीला पोचली तेव्हा तिथल्या व्यवस्थापकानं अदबीनं सगळं सांगितलं. डाव तिथंच थांबवला, साहेबांच्या हाताखालचे दोन पत्ते नियमाप्रमाणे न बघता गड्डीत मिसळले.

"कोणीच पाहिले नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही मॅडम. तसा नियम आहे."

दिवसकार्य झालं, भेटायला येणारी माणसं यायची थांबली, आणि तिच्या डोक्यात तेवढं एकच उरलं. त्याच्या हाताखाली काय होतं? खरंच जिंकत होता, की नेहमीसारखा बघायला म्हणून थांबला होता? काही महिन्यांनी ती स्वतः त्या जहाजावर जाऊन बसली. लोकांना वाटलं, बाई पैशापायी जाते. थोडंफार तेही होतं.

आता तो समोर आहे.

"आलीस होय," तो म्हणतो. मान वळवत नाही.

"किती वेळ झाला बसून?"

"हे काय, आत्ताच बसलोय. चा सांगितलाय. तेवढा पिऊन उठू."

ती पुढे होऊन त्याच्या बाजूला उभी राहते. त्याचे केस कानामागे पांढरे आहेत; शेवटच्या महिन्यात रंग लावायचा राहून गेला होता. शर्ट गळ्यापासून खालपर्यंत कात्रीनं उभा कापलेला आहे, इस्पितळात घाईनं कापतात तसा, आणि त्यानं तो डाव्या हातानं मिटून धरलाय. उजवा हात टेबलावर पालथा आहे. त्या पंजाखाली दोन पत्ते आहेत.

"जेवलात?"

"भूक न्हाई." थोडं थांबून तो म्हणतो, "तू पण बसतीस म्हणं इथं."

"कोण म्हणालं?"

"कळतं की. इथं दुसरं काय कळत असतंय. दाखव बघू कशी खेळलीस."

फरशी गार लागते. दोघं त्यांच्या पहिल्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात बसले आहेत. स्टोव्हवर दूध ठेवलेलं आहे. समोर, डब्यांच्या फळीखाली, जहाजावर तिच्यासमोर खेळलेला बंगळूरचा पोरगेला खेळाडू मांडी घालून बसलाय, डोक्यावर टोपी उलटी. उदय एका हातानं पत्ते मांडतो. दुसरा हात फरशीवर तसाच पालथा.

"मला दोन राण्या आल्या होत्या," वैजयंती सांगते. "मध्यावर आणखी एक राणी पडली."

"तीन राण्या. चांगलं की."

"चांगलं होतं. पण शेवटचा पत्ता पडला तेव्हा उघड्यावर चार बदाम झाले. ज्याच्याकडे एक जरी बदाम असेल त्याचे पाच बदाम होणार, तो माझ्या वर."

"मग ह्यानं काय केलं?"

"सगळ्या चिप्स पुढे सारल्या."

टोपीवाला पोरगा हसतो. त्या दिवशी हसला होता तसाच, ओठ न उघडता.

"मग तू टाकलेस," उदय म्हणतो.

"नाही."

"का? खोटं बोलतोय असं वाटलं?"

ती स्टोव्हकडे बघते. दूध वर यायला लागलंय. उठून ते खाली घ्यावं असं तिला वाटतं, पण पाय उचलत नाहीत.

"सगळ्यांना तेच सांगितलं मी. वाटलं, खोटं बोलतोय. पण तसं नव्हतं. त्याच्याकडे बदाम आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. वर्गातल्या पोरानं विचारलं असतं तर मी त्याला फळ्यावर मांडून दाखवलं असतं. मला नुसतं बघायचं होतं."

"मग दिसलं?"

पोरगा आपला पत्ता उलटतो.

"बदामाची दुर्री," ती म्हणते.

"महाग पडली."

"हो."

"मला पण पडायच्या," उदय म्हणतो. हे तो इतक्या मऊ आवाजात म्हणतो, की तसं तो इतक्या वर्षांत घरात कधी बोलला नव्हता. दूध उतू जातं. भांड्याच्या कडेवरून, स्टोव्हवरून, फरशीवर येतं, आणि पत्त्यांना न भिजवता दोघांच्या मधून वाहत दाराबाहेर जातं. ती नजरेनं त्याच्या मागे जाते.

दाराबाहेर माणसांची रांग आहे. धारवाडच्या कॉलेजातली फी भरायची खिडकी. रांगेत मैथिली उभी आहे, पाठीला सॅक, केस विंचरलेले नाहीत. खिडकीच्या गजाआड पत्ते वाटणारी मुलगी बसलीय, काळं जाकीट घातलेली, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला चिप्सच्या चवडी मोजून देतेय.

वैजयंतीला हे ठिकाण पाहायचं नाही. ज्या दिवशी बदामाची दुर्री दिसली त्या दिवशी तिनं उठायला हवं होतं. ती उठली नाही. गेलेलं परत आणायचं म्हणून धक्क्यावर आली, तिथल्या एटीएममधून आणखी पैसे काढले, परत होडीत बसली. डोकं तापलेलं, समोरचे पत्ते धड दिसत नव्हते, तरी प्रत्येक डावात शिरत होती. त्यात गेली ती मैथिलीची वर्षाची फी. पोरीनं मग संध्याकाळी एका दवाखान्यात काम धरलं आणि पहिला हप्ता स्वतः भरला. आईला ती एका शब्दानं बोलली नाही. तेव्हापासून फोनवर दोघींचं बोलणं जेवणाखाण्याच्या पुढे जात नाही.

"पुढचे," खिडकीतली मुलगी म्हणते.

मैथिली हात पुढे करते.

"तुमचं इथं नाही," मुलगी म्हणते. "तुमच्या आई घेऊन बसल्यात."

मैथिली हात मागे घेते. वैजयंती तिला हाक मारते, पण आवाज कापडात गुंडाळल्यासारखा घशातच राहतो. मैथिली तिच्या अगदी शेजारून जाते, ओळख न देता, आणि कॉलेजच्या पायरीवर बसून बुटांची नाडी बांधायला लागते. एकच नाडी, परत परत.

"त्यानंतर मी नियम केले," वैजयंती म्हणते. कोणाला सांगते आहे ते तिलाच कळत नाही.

"कसले?" उदयचा आवाज.

"घरून नेलेलं संपलं की उठायचं. दमल्यावर बसायचं नाही. रागात बसायचं नाही. बघायला म्हणून बोली पुरी करायची नाही."

"पाळतीस?"

"पाळते. कितीदा तरी नुसती बसून, पत्ते टाकून, एक डाव न खेळता परत आलेय. गेले तर थोडे जातात, आले तर थोडे येतात. आता मला टाकताना काही वाटत नाही."

हे खरं होतं. सहा-आठ महिने ती तशीच खेळली होती. टेबलावरची माणसं तिला मास्तरीण म्हणायची आणि ती बोली लावायला लागली की मुकाट बाजूला व्हायची. शिस्त अंगात मुरली असं तिला वाटलं होतं.

"मग आज काय?" उदय विचारतो.

ती खाली बघते. प्रवासाची पिशवी तिच्या हातात आहे.

परवा व्यवस्थापकाचा फोन आला होता. शुक्रवारी मोठ्या टेबलावर एक जागा होतेय, किल्लेकर साहेब बसायचे तीच खुर्ची, ठेवू का? ठेवा, असं ती म्हणून गेली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती कणकेच्या डब्यासमोर उभी होती. त्या टेबलावर बसायला लागतं तेवढं तिच्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. एकही नियम मोडत नाहीये असं तिनं मनाशी मांडलं होतं. दमलेली नव्हती, रागात नव्हती, घरूनच नेणार होती.

दिव्याखालचं टेबल परत समोर आहे. उदय तसाच बसलाय. समोरच्या खुर्चीत कोणी नाही, तरी त्या खुर्चीपुढच्या सगळ्या चिप्स मध्यावर सरकवलेल्या आहेत. काळ्या जाकिटातली मुलगी हात बांधून थांबलीय. तिला घाई नाही.

"वैजू," उदय म्हणतो. आता पहिल्यांदाच त्याचा आवाज कापतो. "माझे पत्ते बघ की एकदा. बसल्यापासनं बघायला बघतोय, हात हलतच न्हाई."

"काय आहेत?"

"कळंना झालंय. चांगले होते एवढं ध्यानात हाय. लई चांगले. मी जिंकत होतो बघ त्या डावात." तो कोरड्या ओठांवरून जीभ फिरवतो. "तू बस. समोरच्याची बोली पुरी कर. मग सगळ्यांचे पत्ते उघडतील. तुला पण बघायचंय की. तेवढ्यासाठीच तर येत असतीस न्हवं?"

त्याच्या शेजारची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली आहे. वैजयंती तिच्या पाठीवर हात ठेवते. लाकूड कोमट आहे, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं.

मध्यावर पाच पत्ते उघडे आहेत. राजा, गुलाम, नव्वी आणि दोन सत्त्या. सवयीनं तिचं डोकं चालायला लागतं. उदय कशावर थांबला असता? दोन राजांवर थांबला असता. एका सत्तीवर थांबला असता. नुसत्या एक्क्यावर, नुसत्या आशेवरसुद्धा थांबला असता. एकेक शक्यता ती मनात मांडत जाते आणि पुसत जाते, पुसत जाते आणि मांडते. छातीत काहीतरी इतकं जोरानं ओढतं, की ती खुर्चीची पाठ घट्ट धरते. फक्त बसायचं. पिशवी टेबलावर ठेवायची. मग कळेल.

कळेल, आणि मग? ती स्वतःला विचारते. तो जिंकत असेल, तर जिंकता जिंकता गेला म्हणून ती रडेल आणि त्याचं राहिलेलं पुरं करायला बसेल. हरत असेल, तर त्याचं गेलेलं परत आणायला बसेल. पत्ते काहीही निघोत, ती याच खुर्चीत बसलेली असेल. हे तिला अगदी स्वच्छ दिसतं, फळ्यावर मांडल्यासारखं, आणि ते दिसल्यानं ओढ मात्र तसूभरही कमी होत नाही.

ती पिशवी खाली, दोन पायांच्या मध्ये ठेवते आणि त्याच्या हातावर हात ठेवते.

हात गार आहे आणि जड आहे. मैथिली लहान असताना झोपेत तिचा पदर मुठीत धरून ठेवायची. तेव्हा ती एकेक बोट सोडवायची, पोर जागी होऊ नये म्हणून हलकेच. तशी ती त्याची बोटं उचलते. आधी करंगळी. मग पुढची. उदय तिच्याकडे बघत नाही, पत्त्यांकडे बघतोय. अंगठा उचलताना वरच्या पत्त्याचा कोपरा ओलाव्यानं वर येतो आणि खाली काहीतरी लाल दिसल्यासारखं होतं. ती डोळे मिटते.

डोळे मिटूनच ती ते दोन पत्ते, पालथेच, समोरच्या मुलीकडे सारते.

गड्डी उचलल्याचा आवाज येतो. पत्ते पत्त्यांत मिसळल्याचा आवाज येतो. ती डोळे उघडते तेव्हा उदयच्या पुढ्यात काही नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सगळ्या चिप्स गेलेल्या आहेत.

"बघितलं सुद्धा न्हाईस," उदय म्हणतो.

"नाही."

"आणि मी जिंकत असलो तर?"

"असाल."

"असाल म्हणं." त्याच्या जबड्याची शीर ताठते. घरी भांडण व्हायच्या आधी ताठायची तशी. "दोन पत्ते तेवढे मागितले होते तुझ्याकडं. तेवढं पण दिलं न्हाईस."

आपण हे काय केलं, असं तिच्या मनात येतं, आणि आता ते कधीच परत घेता येणार नाही हेही येतं. ते पत्ते काय होते ते यापुढे तिला स्वप्नातसुद्धा कळणार नाही.

उदय आपल्या उजव्या हाताकडे बघतो. बोटं मिटतो, उघडतो. राग हळूहळू उतरतो. मग तोच हात तो पँटच्या खिशात घालतो आणि तंबाखूची चपटी डबी काढतो.

"हे कुठून आलं?" ती विचारते. "मैथिली झाली तेव्हा सोडलीत ना?"

"इथं कोण बघतंय."

कापलेला शर्ट सोडून तो तळहातावर तंबाखू घेतो, डबीतला चुना अंगठ्याच्या टोकानं काढतो आणि मळायला लागतो. शर्टाच्या फटीतून छाती दिसते. ती तिकडे बघत नाही. मळता मळता तो पहिल्यांदा मान वर करून तिच्या तोंडाकडे नीट बघतो.

"वाळलीस गं."

"वय झालं."

"अंधाराच्या आत घाट चढ. धुकं असतंय."

"आणि तुम्ही?"

"चा सांगितलाय की."

"अहो, चहा येणार नाही."

"म्हाईत हाय," तो म्हणतो. तंबाखूवर दोन टाळ्या मारतो, चिमूट उचलतो, पण तोंडात टाकत नाही, तशीच धरून बसतो. "म्हाईत हाय मला."

ती पिशवी उचलते. ती वळणार एवढ्यात तो चिमूट सोडून तिचं मनगट धरतो.

"परत येतीस न्हवं?"

हो म्हणायला काय जातं, असं तिला वाटतं. मेलेल्या माणसाला हो म्हटलं तर काय बिघडतं? घरात तिनं त्याला नाही म्हटलं होतं ते किती वेळा? पहिलं मशीन विकताना तो विचारायला आला होता, तेव्हाही ती गप्प राहिली होती.

"नाही," ती म्हणते.

त्याचा अंगठा तिच्या मनगटावर आतल्या बाजूनं, नाडीपाशी, घट्ट रुततो. दुखतं. तिला वाटतं तो सोडणारच नाही. मग तो सोडतो.

"बरं," तो म्हणतो. "मैथिलीला सांग..."

काय सांगायचं ते तो बोलत नाही, कारण काळ्या जाकिटातल्या मुलीनं नवा डाव वाटायला घेतलाय. दोन पत्ते गालिच्यासारख्या मऊ कापडावरून घसरत येतात आणि त्याच्यापुढे थांबतात. उदय त्यांच्याकडे बघतो. त्याचा उजवा हात हळूहळू पुढे जातो आणि त्यांच्यावर पालथा पडतो.

वैजयंती चालायला लागते. गालिचा संपत नाही. पाणी घोट्याला लागतं, मग पोटऱ्यांना. ती मागे वळून बघत नाही. पुढे त्यांच्याच घराचा जिना आहे, पहिल्या पायरीची फुटलेली कड आणि सगळं, आणि ती कठड्याला धरून एकेक पायरी वर चढते.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.

ती डोळे उघडते. खोलीत उन्हाची तिरपी पट्टी कपाटापर्यंत आलीय. पंखा बंद आहे, वीज गेलीय, माग गप्प आहेत. हॉर्न परत वाजतो. ती उठून खिडकीशी जाते, गज धरते, आणि तेव्हा तिला आपलं डावं मनगट दिसतं.

आतल्या बाजूला, नाडीपाशी, अंगठ्याचा पांढरा ठसा आहे. वाळून कडक झालेला. त्यातल्या रेषासुद्धा दिसतात. ती नखानं कड खरवडते. पांढरी भुकटी नखात येते आणि खालची कातडी लाल झालेली दिसते, चुरचुरते. भुकटी ती जिभेला लावून बघते. चुना आहे.

या घरात आता कोणी पान खात नाही, तंबाखू खात नाही. चुन्याची डबी मैथिलीच्या बारशाच्या आधी घराबाहेर गेली ती गेली. हे सगळं ती खिडकीशी उभी राहून स्वतःला दोनदा सांगते.

मग ती ड्रायव्हरला खिडकीतूनच सांगते, जायचं नाही. तो काहीतरी कुरकुरतो आणि गाडी वळवतो. ती फोन लावते. व्यवस्थापक पहिल्याच घंटीला उचलतो.

"निघालात का मॅडम?"

"नाही. ती खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या."

"आज जमत नसेल तर उद्या ठेवतो. तुमच्यासाठी एवढं करू शकतो."

"उद्याही नको," ती म्हणते. "माझं नावच काढा."

"बरं," तो म्हणतो.

उदय म्हणाला होता तसंच. फोन ठेवून ती थोडा वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहते. रडू येईल असं तिला वाटतं, पण येत नाही. गल्लीत मुलं शाळेतून परत येताहेत. संध्याकाळच्या शिकवणीला पोरं येतील, त्यांच्या आत घर झाडायला हवं, देवाजवळ दिवा लावायला हवा.

ती मोरीत जाते आणि नळ सोडते. उजव्या हातानं तोंड धुते, मानेवरून पाणी फिरवते. डावा हात ती धारेखाली धरते तो नुसता बोटांपुरता, आणि मनगट पाण्याबाहेर ठेवते.